रेषा हलतेय

“ताई, बाकी सगळं झकास आहे. फक्त ते हलतंय ना, तेवढं थांबवता येईल का?”

निर्मात्यांनी हे अगदी आपुलकीने विचारलं होतं. घोडबंदर रोडवरच्या त्यांच्या ऑफिसात मोठ्या टीव्हीवर आम्ही त्यांच्या सिनेमाच्या टायटल्सची पहिली काही सेकंदं बघत होतो. खाडीचं पाणी, कडेची तिवरं आणि पाण्यातून वर येणारं एकेक नाव, सगळं कागदावर, पोस्टर कलर आणि जलरंगात, चित्रामागून चित्र रंगवलेलं. ते उठून टीव्हीजवळ गेले आणि नावाच्या वरच्या रेघेवर बोट ठेवलं. “ही बघा. ही स्थिर नाहीये.” दिग्दर्शक मुलगा गप्प राहून माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, “बघते.” खाली आले, रिक्षा केली आणि माजिवड्याच्या पुलाखाली मेट्रोच्या पत्र्यांमध्ये अडकून बसले. पुढच्या ट्रकचा धूर, बाजूच्या स्कूटरवाल्याचा हॉर्न, आणि डोक्यात ते एकच वाक्य. त्यांचा राग आला नव्हता. त्यांना जे दिसलं ते त्यांनी सांगितलं होतं. पण ज्या गोष्टीसाठी मी आणि माझ्याबरोबरच्या दोघी मुली महिनोन्महिने लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून दिवा असलेल्या काचेवर, वाकून बसलो होतो, नेमकी तीच त्यांना दुरुस्त करण्यासारखी वाटली होती. घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात त्यांना उत्तर देत राहिले आणि एकही उत्तर मला पुरेसं वाटलं नाही.

पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे फ्रेम्स, जातात. हाताने रंगवताना आम्ही बहुतेक वेळा एक चित्र दोन चौकटी धरतो, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. दीड मिनिटाच्या टायटल्सना १,०८० चित्रं लागतात आणि प्रत्येक चित्र वेगळ्या कागदावर असतं. लाइटबॉक्सवर खालच्या चित्राची सावली दिसत असते, तिच्यावरूनच ब्रश न्यायचा असतो, तरी नवी रेघ जुनीवर तंतोतंत बसत नाही. केसभर इकडे जाते, केसभर तिकडे. एका जागी रंग जरा जास्त साचतो, दुसरीकडे ब्रश कोरडा पडतो, कागदाचा खरखरीतपणा प्रत्येक वेळी निराळा लागतो. अशी १२ चित्रं एका सेकंदात निघून गेली की जी वस्तू मुळात स्थिर आहे तीसुद्धा जागच्या जागी थरथरते. आमच्या कामात याला बॉइल म्हणतात. तिवराचं झाड उभंच असतं, कुठे जात नाही, पण बघणाऱ्याला ते क्षणाक्षणाला उभं राहताना दिसतं. मी हे काम धरलं ते या थरथरीसाठी. नुसतं चित्र काढायचं असतं तर एक काढून भिंतीवर लावलं असतं.

अर्थात सगळं हलणं चांगलं नसतं. माझी खोली नौपाड्यात, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. येऊरवरून ढग खाली उतरले की त्या खोलीत दिवसेंदिवस काही वाळत नाही. कागद हवेतलं पाणी ओढून फुगतो आणि तोही सगळ्या बाजूंनी सारखा फुगत नाही, एका दिशेला जास्त फुगतो. अॅनिमेशनच्या कागदाला कडेला तीन भोकं असतात, मधलं गोल आणि बाजूची दोन लांबट. ती पट्टीवरच्या खुंट्यांत अडकवायची, म्हणजे प्रत्येक कागद त्याच जागी बसतो. पावसाळ्यात ही भोकं जागा सोडतात. मग अख्खं चित्रच खुंट्यांवर किंचित सरकून बसतं आणि पडद्यावर पूर्ण चौकट दचकल्यासारखी दिसते. ते हलणं मला अजिबात चालत नाही. तीच गोष्ट रंगाची. पोस्टर कलर ओला असताना एक दिसतो आणि वाळल्यावर दुसरा. गडद छटा फिक्या होतात, फिक्या थोड्या गडद होतात. आज कालवलेला शेवाळी रंग उद्या तसाच कालवला असं कितीही वाटलं तरी दोन चित्रं शेजारी ठेवली की फरक कळतो आणि तो फरक पडद्यावर दिव्याच्या उघडझापीसारखा दिसतो. म्हणून एका शॉटचा सगळा रंग एकदाच कालवायचा, झाकणाच्या डब्यांत भरायचा, डबीवर शॉटचा नंबर लिहायचा. पंखा बंद ठेवायचा, नाहीतर वाळत घातलेले कागद एकमेकांवर उडतात. मेच्या उकाड्यात बंद पंख्याखाली, लाइटबॉक्सची ऊब पोटाशी घेऊन, ओल्या कागदाच्या आणि डिंकाच्या वासात आम्ही बसलेल्या असतो. कपाळावरचा घामाचा थेंब चित्रावर पडू नये म्हणून दोघी मुली डोक्याला रुमाल बांधतात.

या खोलीत शिकलेली पहिली गोष्ट हीच, की कोणतं हलणं ठेवायचं आणि कोणतं घालवायचं हे ठरवणं म्हणजेच निम्मं काम. कॅमेरा डोक्यावर उलटा टांगलेला असतो. त्याचं एक्सपोजर हाताने बांधून ठेवायचं, दोन्ही बाजूंचे दिवे सारखे लावायचे, खिडकीवर काळं कापड टाकायचं, कारण बाहेर ढग सरकला तरी चित्राचा उजेड बदलतो. कागद फोटो काढण्याआधी काचेखाली सपाट दाबायचा. इतकी सगळी तयारी कशासाठी, तर बाहेरचं काहीही हलू नये म्हणून. मग चित्रात उरतं ते फक्त हाताचं हलणं.

माझी आई सिनेमाच्या पाट्या वाचायची. वंदना टॉकीजला जायचं ठरलं की तिची एकच घाई असायची, पाट्या सुरू व्हायच्या आत जागेवर बसायला हवं. अंधार झाला, पडद्यावर पहिलं नाव आलं, की ती पुटपुटत वाचायला लागायची, पोथी वाचावी तशा एका लयीत. छायालेखन अमुक. ध्वनिमुद्रण अमुक. रंगभूषा, वेशभूषा, केशभूषा. तिला त्यातलं कुणीही माहीत नसायचं. गाणी कुणाची आहेत हेही ती नंतर विसरून जायची. पण नाव पडद्यावर आलं म्हणजे ते वाचलं पाहिजे, असं तिचं होतं. एखादं नाव वाचून व्हायच्या आत निघून गेलं तर ती हळहळायची, “अगं बाई, गेलं.” बाजूचे लोक अजून शेंगदाण्यांच्या पुड्या सोडत असायचे, खुर्च्यांचे आवाज व्हायचे, उशिरा आलेला एखादा बॅटरीच्या उजेडात रांग शोधत आमच्या गुडघ्यांना धडकायचा, आणि आई त्या सगळ्यातून मान वाकडी करून पाट्या वाचत राहायची. संकलक सांगतात की नाव मनात दोनदा वाचून होईल इतका वेळ पडद्यावर असावं. मी तो वेळ अजूनही आईच्या वाचण्याने मोजते. डोपशीटवर, म्हणजे कोणतं चित्र कोणत्या चौकटीला ते लिहायच्या तक्त्यावर, आकडे मांडताना ओठ हलवून तिच्या लयीत नावं म्हणते. दोघी मुलींना आता त्याची सवय झाली आहे.

दुसरी आठवण जांभळी नाक्याजवळच्या पेंटर काकांची. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शाळेतून येताना मी दप्तर पाठीवर घेऊन तिथे उभी राहायचे. आधी खडूच्या भुकटीत घोळवलेला दोरा पाटीवर दोन टोकांना ताणून धरायचा आणि मधे टिचकी मारायची, की एक सरळ पांढरी खूण उमटायची. त्या खुणेखाली काका अक्षरं रंगवायचे, सुटी सुटी, डोक्यावर काही नसलेली. किराणा, भुसार, नाहीतर साड्यांचं दुकान, काही का असेना, त्या अवस्थेत ते नीट वाचता यायचं नाही. सगळी अक्षरं झाली की ते पाणी प्यायचे, मोठा चपटा ब्रश घ्यायचे, हाताखाली काठी टेकवायचे, श्वास धरायचे आणि डावीकडून उजवीकडे एका दमात रेघ ओढायचे. रेघ संपली की श्वास सोडायचे. त्या एका ओढीत पाटीवर नाव उभं राहायचं. मी एकदा विचारलं की रेघ आधी का नाही मारत. काका म्हणाले, “अक्षर चुकलं तर झाकता येतं पोरी. रेघ चुकली तर पाटी गेली.” पुढे जेजेत शिकताना आणि नंतर अक्षरांचं काम करताना मला शिरोरेषेबद्दल बऱ्याच जणांनी बरंच सांगितलं, पण माझ्या हाताला जे कळलं ते त्या फुटपाथवर.

आपल्या सिनेमाची सुरुवातच मुळी ब्रश धरणाऱ्यांनी केली. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री लोकांच्या तोंडी पेंटरच झाले. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली काड्यापेटीतल्या काड्या एकेक चौकटीला सरकवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. आणि पाट्या तर बहुतेकांच्या हाताने लिहिलेल्या असत. काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगाने नावं लिहायची, कॅमेऱ्याखाली ठेवून चित्रित करायची आणि लॅबमध्ये ती मागच्या दृश्यावर चढवायची. यादी लांब असली तर कागदाची पट्टी ढोलाला गुंडाळून हळूहळू फिरवायची. मुंबईत पेडर रोडवर, फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागात, १९५६ साली डिस्नेतून आलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली आपली मुलं तयार झाली. त्यांतले राम मोहन यांनी पुढे ‘भुवन शोम’ आणि ‘शतरंज के खिलाडी’तली अॅनिमेशनची दृश्यं केली. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या हिंदी सिनेमांच्या टायटल्सनाही त्यांचा हात लागला. तो काळ आठवताना मला एक गोष्ट नेहमी खटकते. राम मोहन यांच्या नावाने आपण त्या दृश्यांना ओळखतो हे योग्यच आहे, पण त्या प्रत्येक सेकंदामागे रेघा काढणारे आणि सेलच्या, म्हणजे पारदर्शक पानाच्या, पाठीमागून रंग भरणारे जे हात होते, त्यांतल्या बहुतेकांची नावं मला कुठल्या पाटीवर सापडली नाहीत.

अमेरिकेतल्या सॉल बास या डिझायनरने १९५५ साली ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ची टायटल्स केली, कागदाच्या कापलेल्या पट्ट्यांसारखी दिसणारी. तोवर थिएटरात अशी रीत होती की टायटल्स बंद मखमली पडद्यावरच पडू द्यायची आणि ती संपली की पडदा उघडायचा. त्या सिनेमाच्या रिळांच्या डब्यांवर प्रोजेक्शन करणाऱ्यासाठी चिठ्ठी लावलेली होती, की टायटल्सच्या आधी पडदा बाजूला करा. मला या माणसाच्या सगळ्या कामापेक्षा ती चिठ्ठी जास्त आवडते. त्याच वर्षी इकडे ‘पथेर पांचाली’ आला. सत्यजित राय जाहिरातीच्या कचेरीत अक्षरं आणि पुस्तकांची मुखपृष्ठं करत सिनेमाकडे आले होते. त्या सिनेमाची नावं हाताने लिहिलेली आहेत. बंगालीलाही आपल्यासारखीच डोक्यावर रेघ असते, आणि ती नावं बघताना मला नेहमी वाटतं की या माणसाने रेघ ओढताना श्वास धरला होता.

रोमन अक्षरं सुटी उभी असतात. त्यांतलं एखादं थरथरलं तर शेजारच्याला पत्ता लागत नाही आणि अख्खा शब्द खेळकर वाटतो. विदेशी सिनेमांत हाताने काढलेली, डुलणारी टायटल्स इतकी सहज वाटतात याचं मला एक कारण हेच दिसतं. देवनागरीत सगळी अक्षरं एकाच रेघेच्या आधाराने असतात आणि आडवी सरळ रेघ तर अशी, की तिच्यातला जराही चढउतार डोळा लगेच पकडतो. ती केसभर उचलली गेली तर सगळं नाव उचललं जातं. वेलांटी आणि मात्रा रेघेच्या वर, उकार खाली. रेघ सरकली की वरच्यांचं आणि खालच्यांचं अंतर बदलतं आणि अक्षरच बदलल्यासारखं वाटतं. परक्या लिपीत जी थरथर गोड वाटते ती आपल्या लिपीत चटकन चुकीची वाटू शकते. निर्मात्यांचं बोट नेमकं रेघेवरच गेलं याचं मला नवल वाटायला नको होतं.

पण या सिनेमात ती रेघ म्हणजे पाणी होती. गोष्ट खाडीकाठच्या कोळणीची. काम हातात आल्यावर मी पहाटे चेंदणी कोळीवाड्याकडे जाऊन बसायला लागले. खाडीचं पाणी निळं नसतंच. राखाडी, शेवाळी, मध्येच तांबूस, आणि ओहोटीनंतरचा चिखल ओल्या स्लेटपाटीच्या रंगाचा. हिवाळ्यात दूरवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग, तीही धुक्यात अर्धी पुसलेली. तिथल्या एका आजींनी मला सांगितलं की पाणी भरताना आवाज करत नाही, उतरताना करतं. मी लक्ष देऊन ऐकलं. पाणी खाली गेलं की चिखलातून बारीक पुटपुट येते, खेकड्यांच्या बिळांतून, निवट्यांच्या उड्यांतून. त्या आवाजावर मी टायटल्स बांधली. आधी चौकटीत एक आडवी रेघ, ती म्हणजे भरतीचं पाणी. तिच्याखाली गाळ ढवळलेला. गाळ बसायला लागतो आणि त्यातून अक्षरं जमतात, वरच्या पाण्याच्या रेघेला जाऊन लागतात, नाव होतं. वाचून झालं की ओहोटी लागते, रेघ खाली उतरते आणि अक्षरं चिखलात मुरतात. पेंटर काकांच्या अगदी उलट, रेघ आधी आणि अक्षरं नंतर. ही रेघ हलली नसती तर ते पाणी राहिलंच नसतं, नावावर ओढलेला दोर झाला असता.

संकलन करणाऱ्या मुलाने मदतीच्या भावनेने एक मार्ग सुचवला होता. अक्षरं फॉन्टमध्ये ठेवू, रंगाचा पोत वर चढवू आणि हलण्याचा इफेक्ट टाकू, एका दुपारचं काम. त्याने करूनही दाखवलं. पहिली दोन सेकंदं खरोखर छान वाटली. मग डोळ्याला काहीतरी लागायला लागलं. सॉफ्टवेअर रेघेला ठरलेल्या मर्यादेत सारखं हलवत राहतं, दमत नाही, कुठे रेंगाळत नाही. किंवा मग तीन रेखाटनं करून तीच गोल गोल फिरवायची, ही अॅनिमेशनमधली जुनी युक्ती आहे आणि मी ती वापरतेही, मागच्या गर्दीतल्या झाडांना, दूरच्या होड्यांना. पण जिथे नजर टिकून राहणार तिथे ती चालत नाही. डोळा फेरा पकडतो. हाताने काढलेल्या शंभर रेघांत मात्र सकाळच्या रेघा वेगळ्या असतात, जेवणानंतरच्या वेगळ्या. संध्याकाळी मनगट जड होतं आणि रेघ उजवीकडे किंचित खाली झुकायला लागते. बघणाऱ्याला यातलं काही कळत नाही, पण पलीकडे कुणीतरी बसलेलं आहे हे त्याला जाणवतं यावर माझा पक्का विश्वास आहे.

यासाठी लोक किती टोकाला जातात ते पाहिलं की माझी खोली मला आरामाची वाटते. ‘लव्हिंग व्हिन्सेंट’ हा अख्खा सिनेमा शंभराहून अधिक चित्रकारांनी तैलरंगात रंगवला, सुमारे ६५,००० चौकटी. रशियाचा अलेक्सांद्र पेत्रोव काचेवर बोटांनी तैलरंग फिरवतो, फोटो काढतो, तेच चित्र पुसून-बदलून पुढचं करतो. १९९९च्या त्याच्या वीस मिनिटांच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’साठी त्याने २९,०००हून अधिक चित्रं केली, आणि त्या पद्धतीत मागचं चित्र पुसल्याशिवाय पुढचं होतच नाही. आपल्या मुंबईच्या गीतांजली राव यांनी ‘प्रिंटेड रेनबो’ (२००६) स्वतःच्या हाताने रंगवला आणि त्यातली खिडकीतली म्हातारी आणि तिची मांजर मला आजही आठवते. कॅनडाच्या नॉर्मन मॅक्लॅरेनचं सांगणं होतं की अॅनिमेशनमध्ये प्रत्येक चौकटीत काय आहे त्यापेक्षा दोन चौकटींच्या मध्ये काय घडतं ते महत्त्वाचं. तो फिल्मच्या पट्टीवर थेट रंग लावायचा. दोन चौकटींच्या मध्ये जे घडतं ते कुठेही काढलेलं नसतं, पण त्यासाठीच सगळं काढावं लागतं.

तर मी ती सेकंदं आईला दाखवली. लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला, चष्मा पुसून दिला. ती लगेच पुटपुटायला लागली. तिसऱ्या-चौथ्या नावापाशी थांबली, डोळे मिटले. “छान आहे गं. पाणी खरंच वाटतंय. पण अक्षर लागत नाही नीट. डोळा धावतो मागे.” मग तिने स्वतःहून पुन्हा बघितलं आणि दुसऱ्यांदाही तिथेच अडकली. निर्मात्यांनी जे बोट दाखवून सांगितलं होतं तेच आई वेगळ्या जागेवरून सांगत होती. त्यांना रेघ खुपली होती, आईला अक्षरं. मला आईचं ऐकताना कळलं की वाचणं आणि बघणं या डोळ्याच्या दोन वेगळ्या कामांना मी एकाच वेळी जुंपलं होतं. नाव वाचताना डोळ्याला टेकायला जागा लागते. नुसतं बघताना त्याला हिंडायला आवडतं.

मग शॉट नव्याने बांधला. अक्षरं आणि पाणी वेगळ्या कागदांवर घेतलं. अक्षरं गाळातून जमतात तोवर ती दोन-दोन चौकटींवर मोकळी हलू दिली. नाव पूर्ण झालं की अक्षरांचं एकच चित्र धरून ठेवलं, आईच्या दोन वाचण्यांइतका वेळ, अगदी निश्चल. त्या सगळ्या वेळात वरची रेघ मात्र थांबली नाही, प्रत्येक चित्रात नवी रंगवलेली, तशीच केसभर इकडेतिकडे. अक्षरं तिला जिथे लागतात ते सांधे नीट जुळवणं हे या कामातलं सगळ्यात किचकट होतं. रेघ खाली आली तर अक्षराचं डोकं कापलं जातं, वर गेली तर फट दिसते. आम्ही प्रत्येक अक्षराचा दांडा रेघेच्या थोडा आत घुसवला आणि रेघ तळाशी पातळ, ओलसर ठेवली, म्हणजे दांडा पाण्यात बुडालेला वाटतो आणि फट पडत नाही. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांनी खूप वेळ घेतला. त्यांचं डोकं रुंद असतं.

पुन्हा घोडबंदर रोड, पुन्हा तोच टीव्ही. निर्मात्यांनी शेवटपर्यंत बघितलं आणि मान डोलावली. “आता कसं स्थिर झालं.” रेघ पूर्वीइतकीच हलत होती. मी काही बोलले नाही. दिग्दर्शक मुलाला कळलं होतं. तो खिडकीबाहेर येऊरकडे बघत होता.

पुढे मात्र जे व्हायचं ते झालंच. थिएटरच्या प्रतीसाठी रंगांची शेवटची दुरुस्ती झाली तिथे कुणीतरी प्रतिमेतला ‘दाणा’, म्हणजे बारीक खरखर, कमी करण्याचं सॉफ्टवेअर नेहमीच्या सवयीने चालू ठेवलं आणि कागदाचा पोत बऱ्याच जागी गुळगुळीत झाला. आम्ही तक्रार केली, दोन शॉट परत करून मिळाले, बाकीचे राहिले. आणि सिनेमा मोबाइलवर आला तेव्हा मला आणखी एक गोष्ट दिसली. स्ट्रीमिंगमध्ये चित्र दाबून छोटं करायची पद्धत अशी, की मागच्या चौकटीसारखं जे जे आहे ते पुन्हा पाठवायचं नाही, फक्त बदललेलं पाठवायचं. आमच्या चित्रात तर प्रत्येक कण बदललेला असतो. एखाद्या स्थिर शॉटला जेवढा डेटा पुरतो तेवढ्यात हे मावत नाही, मग चिखलाच्या गडद भागात चौकोनी तुकडे उमटतात. हाताच्या कामाला जास्त जागा द्यावी लागते ही काही नवी गोष्ट नव्हे, पण ती अशी आकड्यांत समोर आली तेव्हा मला वाईट वाटलं. आता नवीन काम घेताना मी आधीच विचारते की शेवटची प्रत कोण करणार आणि तिथे मला बसू देणार का. गडद भागात रंग थोडे मोठ्या, सपाट पट्ट्यांत लावायचे हेही ठरवलं आहे. पाण्याच्या रेघेत मात्र हात आखडता घेणार नाही.

ठाण्यात सिनेमा लागला तेव्हा आम्ही चौघी गेलो, आई, दोघी मुली आणि मी. टायटल्स सुरू झाली तेव्हा अर्धं थिएटर अजून आत येत होतं. पॉपकॉर्नचे डबे, मोबाइलचे दिवे, “एच सात कुठे आहे हो?” आई पुटपुटत होती. ती सगळी नावं वाचू शकली, एकही सुटलं नाही, आणि बाजूच्या खुर्चीतल्या अनोळखी मुलाने तिच्याकडे बघून हळूच स्वतःही वाचायला सुरुवात केली, हे मी पाहिलं. माझं नाव त्या रंगवलेल्या पाण्यात होतं. दोघी मुलींची नावं नव्हती. ती शेवटच्या लांब यादीत, काळ्यावर पांढऱ्या फॉन्टमध्ये, बारीक अक्षरांत वर सरकत गेली, दिवे लागल्यावर, लोक जिन्याकडे निघाल्यावर. पाणी ज्यांनी रंगवलं त्यांची नावं पाण्यात यायला हवी होती असं मी निर्मात्यांना त्याआधीच म्हटलं होतं. सुरुवातीच्या पाट्यांवर कोण आणि शेवटी कोण याचे ठरलेले नियम असतात, करार असतात, हे त्यांचं म्हणणं मला समजतं. पटत नाही.

सध्या पुढच्या सिनेमाची यादी टेबलावर आहे. सुरुवातीला ४२ नावं हवीत आणि वेळ दिला आहे दीड मिनिटाचा, म्हणजे नावाला जेमतेम दोन सेकंदं, आणि त्यातलीही काही एकत्र. एका नावात तीन जोडाक्षरं आहेत. मी उलट पत्र पाठवलं आहे, सव्वादोन मिनिटं मागितली आहेत, आणि त्या ४२ नावांखाली दोन नावं माझ्या हाताने लिहून ४४ केली आहेत. उत्तर आलेलं नाही. पावसाळ्याआधी कागदाला भोकं पाडून घ्यायला हवीत, म्हणून सव्वादोन मिनिटांच्या हिशेबाने १,६२० कागद कापायला दिले आहेत.